नऊ खुर्च्यांच्या पाच झाल्या : कोलोराडोच्या तेल-वायू आयोगाची घडण

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात तेल आणि नैसर्गिक वायूच्या विहिरींना परवानगी देणारा आयोग 30 जून 2020 पर्यंत नऊ जणांचा होता. त्यातले सात जण आपापला व्यवसाय सांभाळून महिन्याकाठी बैठकीला येणारे, उरलेले दोघे राज्याच्या खात्यांचे प्रमुख. दुसऱ्या दिवशी, 1 जुलैला, त्याच आयोगावर मतदानाचा हक्क असलेले पाच पूर्णवेळ, पगारी सदस्य बसले. खातेप्रमुख दोघे राहिले, पण त्यांचं मत गेलं. कार्यालय तेच राहिलं, कर्मचारीही बहुतेक तेच. बदललं ते एवढंच की निर्णयाच्या टेबलावर कोणत्या विद्येला जागा द्यायची आणि कोणतीला फक्त अहवालातून बोलू द्यायचं.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगं आहे, कारण नियामक आयोगाची चर्चा निघाली की ती सहसा 'कंपन्यांची माणसं किती, जनतेची किती' या मोजणीत अडकते. कोलोराडोत ही मोजणी दोनदा बदलून पाहिली, 2007 मध्ये आणि 2019 मध्ये. दुसऱ्या वेळी मोजणीपेक्षा सदस्याच्या अंगच्या ज्ञानाला जास्त महत्त्व दिलं गेलं. त्याचा उपयोग झाला, आणि काही भोकं नव्यानं पडलीही.

मुळात हा आयोग कशासाठी होता

आयोग स्थापन झाला 1951 मध्ये. नावात 'संवर्धन' होतं, पण ते हरणांचं किंवा ओढ्यांचं नव्हे. संवर्धन करायचं होतं तेलाचंच.

अमेरिकेत जमिनीखालचं खनिज खाजगी मालकीचं असू शकतं. वरच्या जमिनीचा मालक एक आणि खालच्या तेलाचा मालक दुसरा, असंही सर्रास असतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून खालचं तेल शेतकऱ्याचं होत नाही, म्हणून हा गुंता आपल्याला पटकन लक्षात येत नाही. तिथला जुना न्याय असा होता की तुझ्या जमिनीत विहीर पाड, वर आलेलं तेल तुझं, मग ते शेजाऱ्याच्या खालून वाहत आलेलं का असेना. परिणाम व्हायचा तोच झाला. 1930 मध्ये पूर्व टेक्सासचं मोठं क्षेत्र सापडलं तेव्हा जो तो विहिरी पाडत सुटला, भाव कोसळला आणि खडकातला दाब अकाली संपू लागला. दाब गेला की उरलेलं तेल खालीच अडकतं.

म्हणून राज्यांनी आयोग नेमले. त्यांची मुख्य कामं तीन. पहिलं, विहिरींमधलं अंतर ठरवणं, म्हणजे किती एकरांमागे किती विहिरी. दुसरं, त्या क्षेत्रातल्या सर्व खनिजमालकांना त्यांचा न्याय्य वाटा मिळवून देणं. तिसरं, जो मालक सही करायला तयार नाही त्यालाही ठरावीक अटींवर सामील करून घेणं. पुराव्यादाखल समोर येणार ते खडकाचे आडवे छेद, दाबाचे आलेख, उत्पादन घटण्याचा वेग. हे वाचायला भूवैज्ञानिक आणि पेट्रोलियम अभियंता लागतो, आणि असे लोक तेल कंपन्यांतच असणार. जुन्या आयोगावर उद्योगातल्या माणसांचा भरणा होता याला संगनमत म्हणून मोकळं होता येत नाही. ज्या प्रश्नासाठी आयोग नेमला त्या प्रश्नाचे जाणकार तेच होते.

शेजारची राज्यं पाहिली तर या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. टेक्सासात हे काम रेलरोड कमिशन नावाची संस्था करते. तिचे तीन सदस्य राज्यभरातून सहा वर्षांसाठी निवडून येतात, तांत्रिक पात्रतेची अट नाही. नॉर्थ डकोटात राज्यपाल, महाधिवक्ता आणि कृषी आयुक्त हेच आयोग. अलास्कात तीनच जागा : एक पेट्रोलियम अभियंता, एक भूवैज्ञानिक, एक जनतेचा प्रतिनिधी. कागदावर अलास्काची रचना सर्वात नेटकी दिसते. पण 2003 मध्ये तिथला एक सदस्य, रँडी रूड्रिक, त्याच वेळी रिपब्लिकन पक्षाचा राज्याध्यक्षही होता. आयोगाच्या कचेरीतून पक्षाचं काम केल्याचा ठपका त्याच्यावर आला, त्यानं त्याच वर्षी नोव्हेंबरात राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षी 12,000 डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. तेव्हा आयोगाच्या अध्यक्ष होत्या सारा पेलिन. माणूस अभियंता होता, विषय जाणत होता, त्यात खोट नव्हती. पात्रता आणि हितसंबंध या दोन वेगळ्या चाळण्या आहेत आणि एकीनं दुसरीचं काम होत नाही, हे त्या तीन खुर्च्यांच्या आयोगात उघडं पडलं.

2007 ची रचना आणि तिचं गणित

2007 पर्यंत कोलोराडोत सात सदस्य होते आणि त्यांतले पाच उद्योगाशी संबंधित. त्या वर्षीच्या कायद्यानं संख्या नऊवर नेली आणि उद्योगाच्या जागा तीनवर आणल्या. नव्या नऊ जागांची वाटणी अशी : तेल-वायू उद्योगाचा भरपूर अनुभव असलेले तीन, त्यांतल्या किमान दोघांकडे पेट्रोलियम भूविज्ञान किंवा पेट्रोलियम अभियांत्रिकीची पदवी हवीच, स्थानिक स्वराज्य संस्थेचा एक पदाधिकारी, पर्यावरण किंवा वन्यजीव संरक्षणातला एक, मृदसंधारण किंवा जमीन पूर्ववत करण्याच्या कामातला एक, आणि शेती करणारा व रॉयल्टी (आपल्या खनिजाच्या उत्पादनातला मालकाचा वाटा) घेणारा असा एक. शिवाय नैसर्गिक संसाधन खातं आणि आरोग्य-पर्यावरण खातं यांचे प्रमुख पदसिद्ध, त्यांना मतही होतं. नेमलेल्या सातांपैकी किमान दोघे रॉकी पर्वतरांगेतल्या जलविभाजकाच्या पश्चिमेकडचे हवेत आणि एकाच पक्षाचे चारांहून जास्त नकोत, ही आणखी दोन बंधनं.

कागदावर हे बरंच समतोल दिसतं. प्रत्यक्षात अडचण होती ती वेळेची. एका बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर डझनावारी प्रकरणं असायची आणि त्यांतली बहुतेक विनाहरकत म्हणून एकगठ्ठा मंजूर व्हायची. अर्धवेळ सदस्य शेकडो पानांची नस्ती वाचणार कधी? तो कर्मचाऱ्यांच्या शिफारशीवर विसंबतो, आणि ज्याला विषय आधीच माहीत आहे त्याच्या बोलण्यावर विसंबतो. विषय आधीच माहीत असलेले तिघे उद्योगातले होते. नवात तीन म्हणजे मतं एक-तृतीयांश, पण खोलीतलं तांत्रिक वजन त्याहून बरंच जास्त. जागांची मोजणी करणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं.

दुसरी अडचण अंग काढून घेण्याची. उद्योगातला सक्रिय माणूस सदस्य असेल तर त्याच्या कंपनीचं किंवा भागीदाराचं प्रकरण आलं की त्याला उठावं लागतं. रॉयल्टी घेणाऱ्या शेतकऱ्यालाही, आपलं खनिज त्या क्षेत्रात असेल तर, तेच करावं लागतं. म्हणजे नेमक्या ज्या प्रकरणात त्या भागाची माहिती असलेला माणूस हवा, त्याच प्रकरणात तो बाहेर. हा दोष कुणाच्या हेतूचा नाही, रचनेचा आहे.

प्रश्नच बदलला

दरम्यान डेन्व्हरच्या उत्तरेला वेल्ड काउंटीत, वॅटनबर्ग क्षेत्रात, खोदण्याची रीत बदलली. उभ्या विहिरीऐवजी खाली जाऊन आडवं वळायचं आणि नायोब्रारा किंवा कोडेलच्या थरातून मैल-दोन मैल सरकत जायचं. दोन मैल म्हणजे 10,560 फूट. एका पॅडवर, म्हणजे सपाट केलेल्या एका कामाच्या जागेवर, वीस-तीस विहिरी. पूर्वी 640 एकरांच्या चौरस मैलात विखुरलेलं काम आता दहा एकरांत एकवटलं. भूगर्भाच्या दृष्टीनं हे चांगलंच. पण ते दहा एकर ज्याच्या घरामागे आले त्याच्यासाठी हा काही महिन्यांचा कारखाना : रात्रंदिवस चालणारी रिग (खोदकामाचं यंत्र), पाणी आणि वाळूचे ट्रक, विहीर पहिल्यांदा वाहू लागते तेव्हा निघणारी वाफ.

आणि घरंही सरकत होती. डेन्व्हरच्या उत्तरेची गावं वाढत वाढत जुन्या विहिरींच्या अंगावर आली. 2013 पर्यंत घरापासून विहिरीचं किमान अंतर ग्रामीण भागात 150 फूट आणि दाट वस्तीत 350 फूट होतं. त्या वर्षी ते सगळीकडे 500 फूट झालं, शाळा-रुग्णालयांसाठी 1,000. पण हे सारं नवी विहीर जुन्या घराजवळ येते तेव्हाचं. नवं घर जुन्या विहिरीजवळ आलं तर आयोगाचा नियम काहीच बोलत नव्हता. तो विषय गावाच्या नियोजन विभागाचा.

याच फटीत फायरस्टोन घडलं. 17 एप्रिल 2017 रोजी त्या गावातल्या एका घरात स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला आणि एक महिला गंभीर भाजली. विहीर 1993 ची, घर 2015 चं, दोहोंत अंतर 178 फूट. विहीर त्या वेळी अ‍ॅनाडार्को कंपनीकडे होती. स्फोट विहिरीचा नव्हताच. विहिरीपासून टाक्यांकडे आणि सेपरेटरकडे (तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या यंत्राकडे) जाणाऱ्या बारीक नळीला फ्लोलाइन म्हणतात. तिथली एक जुनी, वापरात नसलेली फ्लोलाइन घराच्या पायाजवळ जमिनीत कापली गेलेली होती. कापलेलं टोक बुजवलेलं नव्हतं आणि दुसरं टोक विहिरीला अजून जोडलेलं होतं. विहीर 2016 चा बराच काळ बंद होती, जानेवारी 2017 मध्ये पुन्हा सुरू झाली. वायू त्या नळीतून मातीत, मातीतून तळघरात. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो. विहिरीतून थेट आलेल्या वायूला तो नसतो, त्यामुळे घरातल्यांना चाहूल लागायचं कारण नव्हतं.

यात कोणतं ज्ञान कमी पडलं? खडकाचं नव्हे. पेट्रोलियम अभियंत्याला फ्लोलाइन कशी बंद करायची हे उत्तम माहीत असतं : दोन्ही टोकं वेगळी करायची, आतलं द्रव काढायचं, टोकं बुजवायची, आणि ती कुठं पुरली आहे याची नोंद ठेवायची. तुटलं ते या नोंदीचं आणि गावाच्या नकाशाचं नातं. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं ऑक्टोबर 2019 मध्ये दिलेल्या अहवालात हे स्पष्ट लिहिलं : तेलक्षेत्राला लागून किंवा पूर्वी तेलक्षेत्रच असलेल्या जागेवर, कंपनीच्या नळ्या कुठं आणि कोणत्या अवस्थेत आहेत याची पूर्ण कागदपत्रं नसताना स्थानिक प्रशासनानं घरं बांधू दिली, हे अपघाताला हातभार लावणारं कारण. नियोजन आणि भूवापर जाणणाऱ्याला आयोगावर जागा देणारा कायदा त्याआधी सहा महिने झालेला होता. म्हणजे अहवालानं कायदा घडवला असं म्हणता येणार नाही, पण दोघांचं बोट एकाच ठिकाणी पडलं.

2019 चा कायदा : पाच जागा कोणत्या

स्फोटाच्या दुसऱ्या स्मरणदिनाच्या आदल्या दिवशी, 16 एप्रिल 2019 रोजी, राज्यपाल जेरेड पोलिस यांनी सिनेट विधेयक 181 वर सही केली. त्याआधी नोव्हेंबर 2018 मध्ये घरांपासून 2,500 फुटांचं अंतर सक्तीचं करण्याचा जनमत प्रस्ताव पडला होता. शिवाय जानेवारी 2019 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्टिनेझ खटल्यात आयोगाच्या बाजूनं निकाल देताना सांगितलं होतं की, तेव्हाच्या कायद्यानुसार आरोग्य आणि पर्यावरण सुरक्षित असेल तरच विहिरी, असा नियम करायला आयोग बांधील नाही. विकास आणि संरक्षण यांचा मेळ घालणं हे त्याचं काम. न्यायालयाचा हा अर्थ मान्य नसेल तर कायदाच बदलायला हवा होता. विधिमंडळानं तो बदलला. तेल-वायू विकासाला चालना देणं हे उद्दिष्ट गेलं. जनतेचं आरोग्य, सुरक्षितता, पर्यावरण आणि वन्यजीव यांचं रक्षण होईल अशा रीतीनं नियमन करणं हे आलं. या रक्षणापायी काही तेल किंवा वायू जमिनीतच राहिला तर तो 'अपव्यय' धरायचा नाही, असंही लिहून टाकलं. 1951 पासूनच्या संवर्धनाच्या कल्पनेला हा खरा धक्का होता. बातम्यांत मात्र याची फारशी चर्चा नव्हती.

उद्योगाच्या जागा लगेच तीनवरून एकवर आल्या आणि सार्वजनिक आरोग्याचा जाणकार आत आला. 1 जुलै 2020 पासून पाच जागा ठरल्या त्या अशा.

तेल-वायू उद्योगाचा भरपूर अनुभव असलेला एक. नियोजन किंवा भूवापरातला जाणकार एक. पर्यावरण संरक्षण, वन्यजीव संरक्षण किंवा जमीन पूर्ववत करणं यांपैकी कशाचं तरी शिक्षण वा अनुभव असलेला एक. सार्वजनिक आरोग्यातला एक. आणि पाचवा, आयोगाला समतोल निर्णय घ्यायला उपयोगी पडेल असा व्यावसायिक अनुभव असलेला, म्हणजे खरं तर खुली जागा. मुदत चार वर्षं, नेमणूक राज्यपालांची, संमती सिनेटची, एकाच पक्षाचे तिघांहून जास्त नाहीत. पहिल्या पाचांत अध्यक्ष जेफ रॉबिन्स होते. ते आधी आयोगाचे संचालक आणि त्याआधी स्थानिक संस्थांचे वकील. बाकीच्यांत आरोग्य खात्यातल्या कॅरिन मॅकगोवन, गनिसन काउंटीचे माजी आयुक्त जॉन मेस्नर, निसर्गसंवर्धनात काम केलेल्या प्रिया नंजप्पा आणि तेल कंपनीतून आलेले बिल गोन्झालेझ.

गेलं काय, तेही पाहायला हवं. शेतकरी-रॉयल्टीधारकाची राखीव जागा गेली. स्थानिक पदाधिकाऱ्याची गेली, अर्थात त्याच कायद्यानं काउंटी आणि गावांना स्वतःचे जास्त कडक नियम करायचा अधिकार दिला, त्यामुळे तो हिशेब दुसरीकडे भरून निघाला. आणि पदवीची अट गेली. 2007 च्या कायद्यात दोन सदस्य तरी भूविज्ञान किंवा पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकलेले असणं भागच होतं. आता उद्योगाचा 'भरपूर अनुभव' पुरतो. कंपनीत आयुष्यभर जमिनीचे करार केलेला माणूसही या जागेवर बसू शकतो, आणि त्यानं छेदचित्र कधी वाचलेलं असेलच असं नाही.

वकिलाची जागा कायद्यात नाही, हे आपल्याला खटकेल. आपल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळावरही पाचच जण : अध्यक्ष, एक विधि सदस्य आणि इतर तीन. विधि सदस्य तिथं 2006 च्या कायद्यानंच ठरलेला आहे. (ते मंडळ नळवाहिन्या आणि शहरी गॅस पाहतं, विहिरी नव्हे.) कोलोराडोचा आयोग साक्षी नोंदवतो, हरकती ऐकतो, कारणं देऊन आदेश काढतो, हे अर्धन्यायिक काम आहे. व्यवहारात तिथं वकील खुल्या किंवा नियोजनाच्या जागेवरून येतो. म्हणजे दुसऱ्या एखाद्या विद्येची जागा खर्ची घालून.

एक अर्ज टेबलावर आला की

नव्या आयोगानं 2020 च्या उत्तरार्धात नियमावली नव्यानं लिहिली. ती 15 जानेवारी 2021 पासून लागू झाली. कुणाची विद्या कुठं उपयोगी पडते हे एका काल्पनिक अर्जावरून पाहू.

समजा, एका कंपनीला 24 आडव्या विहिरींचा पॅड करायचा आहे. 2,000 फुटांच्या आत 11 घरं आहेत, सर्वात जवळचं 1,740 फुटांवर. अर्जात पॅडच्या जागेचा तपशील, आसपासच्या एकत्रित परिणामांची आकडेवारी, पर्यायी जागांचा अभ्यास आणि स्थानिक प्रशासनाची भूमिका हवी. कर्मचारी आधी अर्ज पूर्ण आहे की नाही ते पाहतात. बहुतेक अर्ज इथंच महिनोन्‌महिने रखडतात, कारण पर्यायी जागांचा अभ्यास दोन ओळींत उरकलेला असतो. मग किमान 30 दिवस जनतेच्या हरकती, मग संचालकांची शिफारस, मग आयोगापुढे सुनावणी.

मोजमापातच पहिली मेख आहे. पूर्वी अंतर विहिरीच्या तोंडापासून किंवा उपकरणापासून मोजत. आता पॅडच्या कामाच्या पृष्ठभागाच्या काठापासून. दहा एकरांचा चौकोनी पॅड म्हणजे 660 फुटांची बाजू. मधल्या विहिरीपासून काठ 330 फूट. म्हणजे नियम 2,000 फुटांचा असला तरी त्या विहिरीपुरता तो 2,330 फुटांचा पडतो. क्षेत्राचं गणित याहून बोलकं : 500 फूट त्रिज्येच्या वर्तुळात 18 एकर येतात, 2,000 फुटांच्या वर्तुळात 288. वाढत्या उपनगरात 18 एकर मोकळे मिळतात, 288 एकर क्वचित.

2,000 फुटांच्या आत परवानगी द्यायची तर ठरावीक वाटा आहेत. आतल्या सर्व घरमालकांची आणि भाडेकरूंची, परिणाम समजून दिलेली संमती. किंवा पॅड आधीच मंजूर झालेल्या मोठ्या क्षेत्र-आराखड्यात असणं. किंवा विहिरी, टाक्या, सेपरेटर आणि कॉम्प्रेसर सगळे घरांपासून 2,000 फुटांपलीकडे असणं. किंवा सुनावणीनंतर आयोगाची खात्री पटणं की घातलेल्या अटींमुळे जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळतं. वाद पेटतो तो या शेवटच्या वाटेवर. आणि तिथंच पाच विद्या कामाला येतात.

आरोग्याचा सदस्य वार्षिक सरासरीवर समाधान मानत नाही. तो सर्वात वाईट तास विचारतो. याला आधार आहे. आरोग्य खात्यानं ऑक्टोबर 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष मोजलेल्या उत्सर्जनावरून संगणकीय प्रतिमान चालवून, 300 ते 2,000 फुटांच्या पट्ट्यात सर्वात प्रतिकूल परिस्थितीत डोकेदुखी, चक्कर, नाकातून रक्त येणं असे अल्पकालीन त्रास संभवतात असं आढळलं होतं. मुख्य दोषी बेंझिन, आणि मुख्य काळ विहीर पहिल्यांदा वाहू लागते तो. वर्षाच्या सरासरीत हा काळ विरघळून जातो.

नियोजनाचा सदस्य नकाशावर आज न दिसणारी घरं शोधतो. शेजारच्या शेतावर वसाहतीचा आराखडा मंजूर झाला आहे का? मग तीन वर्षांनी 11 ची 60 घरं होतील. पॅडवरून निघणाऱ्या जुन्या-नव्या फ्लोलाइन त्या आराखड्यात दाखवल्या आहेत का? फायरस्टोनमध्ये न विचारला गेलेला प्रश्न हाच.

पर्यावरणाचा सदस्य पाणी साचण्याची जागा, हरणांचा हिवाळी अधिवास आणि वरच्या मातीचा थर वेगळा रचून ठेवलाय का हे पाहतो. ती माती खालच्या मातीत मिसळली की कोरड्या भागात गवत पुन्हा धरायला वर्षं लागतात.

आणि उद्योगाच्या एकट्या सदस्याचं काम सर्वात अवघड. पॅड 300 फूट पूर्वेला नेला तर आडव्या विहिरींचा किती भाग वाया जाईल? रिग विजेवर चालवा म्हणणं सोपं, पण तिथं तेवढ्या क्षमतेची वीजवाहिनी आहे का? टाक्या नकोत, तेल थेट नळवाहिनीनं न्या, ही अट नळवाहिनी आधी तयार असेल तरच अर्थाची. नाही तर ट्रक वाढतात. घातलेली अट खरंच पाळता येईल की कागदावर शोभेल, हे सांगणारा खोलीत तोच. त्याला कंपन्यांचा वकील समजून बाजूला ठेवलं तर अटी दिसायला कडक आणि पाळायला अशक्य होतात, आणि पाळायला अशक्य अट पुढं अपवाद मागून सैल होते.

मार्च 2022 मध्ये आयोगानं केर-मॅगी कंपनीचा नाइट नावाच्या पॅडचा अर्ज फेटाळला. 2,000 फुटांच्या आत घरं होती आणि तेवढंच संरक्षण मिळेल हे पटलं नाही. योगायोग असा की हा पॅडही फायरस्टोनमधलाच. तरी पर्यावरणवाद्यांची तक्रार राहिलीच की आयोग अर्ज फेटाळतो फार थोडे. 2024 मध्ये ऑरोराजवळच्या लोअरी रँचच्या मोठ्या क्षेत्र-आराखड्याला मंजुरी मिळाल्यावर रहिवाशांचा राग पुन्हा उफाळला. या तक्रारीत तथ्य आहे, पण फेटाळलेल्या अर्जांची संख्या हे माप अपुरं. नियम कडक झाल्यावर कमकुवत अर्ज दाखलच होत नाहीत, किंवा कर्मचाऱ्यांच्या टप्प्यावरच मागं घेतले जातात.

कुठं ठेच लागते

पाच जणांत बहुमत तिघांचं. एकानं हितसंबंधामुळे अंग काढलं की चार उरतात आणि मत दोन-दोन असं अडू शकतं. नऊ जणांच्या आयोगात एकाची अनुपस्थिती कुणाच्या लक्षातही येत नसे. शिवाय एकेका विद्येचा एकच माणूस, त्यामुळे जागा रिकामी पडली की ती विद्याच टेबलावरून उठते; राज्यपालांना बदली माणूस शोधायला लागणारे महिने त्या विद्येविना जातात. पूर्णवेळ असण्यानं जुना हितसंबंधाचा प्रश्न बराच सुटला, पण नवा आला : खाजगी व्यवसाय सोडून चार वर्षांसाठी सरकारी पगारावर यायला कार्यरत पेट्रोलियम अभियंता सहज तयार होत नाही. मिळतो तो बहुधा निवृत्तीला आलेला, किंवा तांत्रिक सोडून दुसऱ्या बाजूचा.

सक्तीनं सामील करून घेण्याच्या प्रकरणांत मात्र सुधारणा सरळ मोजता येते. पूर्वी क्षेत्रातल्या एका खनिजमालकाच्या अर्जावरही इतरांना ओढता येई. 2019 च्या कायद्यानं त्यासाठी 45 टक्क्यांहून जास्त खनिजहक्काची संमती लागते. न जुमानणाऱ्या मालकाला खर्च वसूल होईपर्यंत वायूवर 13 आणि तेलावर 16 टक्के रॉयल्टी मिळते, पूर्वी दोन्हींवर साडेबारा होती. इथं नवी विद्या लागली नाही, आकडा लागला.

सर्वात मोठा पेच 2023 मधला. 1 जुलै 2023 पासून आयोगाचं नाव ऊर्जा व कार्बन व्यवस्थापन आयोग झालं. खोल भूऔष्णिक विहिरी आणि वायूचे भूमिगत साठे त्याच्याकडे आले. कार्बन डायऑक्साइड खडकात कायमचा पुरणाऱ्या विहिरींचं नियमन केंद्राकडून राज्याकडे घ्यायची तयारीही त्यालाच करायची होती. जागा मात्र पाच, आणि पात्रता 2019 चीच. आता समोर येणारा प्रश्न असा : अमुक खोलीवर दाबानं सोडलेला वायू वीस वर्षांत कुठवर पसरेल, वरचा अभेद्य थर धरेल का, जवळपासच्या जुन्या, नीट न बुजवलेल्या विहिरीतून तो वर येईल का, दाबानं फॉल्ट, म्हणजे खडकातली जुनी भेग, सरकेल का? हा सगळा भूविज्ञान आणि जमिनीखालच्या तेल-वायू साठ्यांच्या अभियांत्रिकीचा विषय, म्हणजे नेमकी तीच पदवी जिची अट 2020 मध्ये सुटली. कर्मचाऱ्यांत असे तज्ज्ञ आहेत, आणि अहवाल तेच लिहितील. पण अर्जदाराच्या तज्ज्ञाचं प्रतिमान आणि कर्मचाऱ्यांचं प्रतिमान यांत फरक पडला, तर कुणाचं गृहीतक ढिलं आहे हे उलटतपासणीत काढायला टेबलाच्या या बाजूला माणूस असेलच, याची खात्री कायदा देत नाही.

त्यामुळे सध्या तरी ही चाळणी एकाच ठिकाणी लागू शकते : सिनेटच्या शेती व नैसर्गिक संसाधन समितीपुढे, नेमणुकीच्या सुनावणीत. तिथं उद्योगाच्या आणि खुल्या जागेच्या उमेदवाराला विचारण्याजोगं ठोस आहे. विहिरीच्या सिमेंटचा लॉग (सिमेंट नीट धरलंय का हे दाखवणारी मोजणीची नोंद) स्वतः वाचला आहे का, दाबाची चाचणी घेतली किंवा तपासली आहे का, जुनी विहीर कायमची बुजवण्याचा आराखडा कधी मंजूर किंवा नामंजूर केला आहे का. पाचांपैकी एकाचं तरी उत्तर 'हो' नसेल, तर कार्बनच्या पहिल्याच वादग्रस्त अर्जावेळी आयोगाला बाहेरचा तज्ज्ञ नेमावा लागेल, आणि त्याचं शुल्क व वेळ त्या अर्जाच्या वेळापत्रकात आधीच धरावं लागेल.